मोठ्या बाईंचा एक नमस्कार

मोठ्या बाईंचा डावा गुडघा गावाचा होता आणि उजवा डॉक्टरांचा. तशी वाटणीच झालेली होती. गावातल्या कुणी निर्गुडीचा पाला आणून दिला, कुणी बिब्ब्याचं तेल दिलं, कुणी तापल्या विटेचा शेक सांगितला, की ते सगळं डाव्या गुडघ्याला. मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि पट्टी उजव्याला. "कोण कुणाला चीत करतं ते बघू," म्हणायच्या. बहुतेक वेळा कुस्ती बरोबरीत सुटायची, म्हणजे दोन्ही गुडघे सारखेच दुखायचे. पण ज्यानं पाला आणून दिला त्याला हटकून निरोप जायचा, की तुमचा गुडघा काल देवळाची एक पायरी जास्त चढला बरं का. तो माणूस मग चार दिवस छाती काढून हिंडायचा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पुढं वय वाढत गेलं तसतसं कमी येत गेलं. पण त्या वर्षी, लढाई चालू होती आणि रॉकेल मिळत नव्हतं त्या वर्षी, सांगलीहून एक ट्रंक, एक छत्री, चार पाचवारी पातळं आणि मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ घेऊन मी औंधापासून दोन कोसांवरच्या एका गावात मुलींच्या शाळेवर रुजू झाले, तेव्हा माझ्याएवढी शहाणी बाई कृष्णेच्या दोन्ही काठांना नव्हती. ट्रेनिंगमध्ये माझा तिसरा नंबर आला होता. हे मी गावातल्या सगळ्यांना सांगितलं होतं. ज्यांना ट्रेनिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांना आधी ते समजावून मग सांगितलं होतं.

शाळा म्हणजे देवळामागची एक लांबट खोली. एका टोकाला मी बिगरी ते चौथी घ्यायची, दुसऱ्या टोकाला मोठ्या बाई पाचवी ते सातवी. नावं होती आम्हाला दोघींना, पण गावानं ती कधी वापरली नाहीत. त्या मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. राहायलाही आम्ही एकत्रच होतो, दोन खोल्यांत. त्यामुळे त्यांच्याविषयी मला सगळं माहीत आहे असा माझा समज होता.

त्या मूळच्या वाईच्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, मग भावानं शिकवून शाळेवर लावलेलं. सव्विसाव्या वर्षी बोटांत संधिवात शिरला आणि मग घर बघत बघत मनगटं, गुडघे, पाठ, मान असा सगळीकडे फिरला. मी गेले तेव्हा त्या चाळिशी ओलांडून गेलेल्या. पण हे दुखणं कशानं लागलं असं कुणी विचारलं, तर दर वेळी उत्तर वेगळं. शेतकऱ्याला सांगायच्या, बैलगाडी उलटली. वैद्याला सांगायच्या, आजीकडून आलंय, दुसरं काही तिनं ठेवलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "एका नव्या शिक्षिकेनं दृष्ट लावली." मी तेव्हा दोनच दिवसांपूर्वी आलेली. तरी मला आठवडाभर चुटपुट लागून राहिली.

सकाळी त्यांची बोटं मिटत नसत. चुलीवरून कढत पाण्याचं भांडं मी उतरवून द्यायची, त्यात त्या हात बुडवून बसायच्या आणि मोठ्यानं दिवसाचे धडे म्हणायच्या. हात कामाला लागेपर्यंत डोक्याचं काम उरकून घ्यायचं, ही त्यांची रीत. कधी मध्येच कळ यायची. मग त्या हात वर करून "थांब, आत्ता जोरात आहे," म्हणायच्या, डोळे मिटायच्या, ओठ पांढरे व्हायचे. वर्गातसुद्धा व्हायचं असं. "कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि..." इथे थांबल्या, की पोरी चिडीचूप. कुणी पाणी आणायला धावत नसे, कारण ते त्यांना आवडत नसे. दोन मिनिटांनी डोळे उघडून, "...वाईवरून पुढं जाते." शब्द जिथं सोडला तिथूनच उचललेला. दुखण्याला मध्ये बोलू दिलं, पण वाक्य नेऊ दिलं नाही.

कुणी फार हळहळलं तर त्यांचं एक ठरलेलं होतं. "दुखतंय तर दुखू दे. त्याला दुसरं काम काय? आपल्याला आहेत."

त्यांना काम होतं ते असं. त्या गावात चौथी झाली की मुलीला शाळेतून काढत आणि लग्नाचं बघत. मोठ्या बाईंनी मनात धरलं होतं, की या गावातल्या मुलींनी सातवीची फायनल परीक्षा साताऱ्याला जाऊन द्यायची. तोवर गावातली एकही मुलगी बसली नव्हती. घरोघरी जाऊन, कुठं गोड बोलून, कुठं भांडून, त्यांनी पाच मुली सातवीपर्यंत ओढत आणल्या होत्या. मी आले ते त्या पाचजणींचं शेवटचं वर्ष.

पाचांतली हुशार म्हणजे हौसा. तिचा बाप लढाईवर गेलेला, घरात सगळा कारभार आज्याचा. आजा पहिल्या लढाईतला पेन्शनर सुभेदार, मिशा अजून कवायतीतल्यासारख्या उभ्या. त्यानं चावडीसमोर, गावाच्या देखत, मोठ्या बाईंना शब्द दिला होता. त्या शब्दाला धार होती. "आवं बाई, तुमी शिकवताय तवर पोरगी साळंत. ज्या दिवशी तुमी ह्या गावातनं हाललात, त्या दिवशी म्या हिचं लगीन लावून मोकळा. दुसऱ्या कुनाच्या हाती पोरगी द्यायची न्हाई आपल्याला." उरलेल्या चौघींची घरं सुभेदाराच्या तोंडाकडे बघून चालणारी. म्हणजे मोठ्या बाई गेल्या, की पाचही गेल्या. धाकट्या बाईंवर कुणाचा भरवसा नव्हता. खरं सांगायचं तर गावाची पारख चांगली होती.

आमच्या खोल्यांपासून शाळा मला सात मिनिटांची. घड्याळ लावून मोजलं होतं. मी पदर खोचून तरातरा जायची आणि पोचून काय करायची, तर दारात उभी राहून घड्याळ बघायची. मोठ्या बाईंना तेवढ्याच वाटेला पाऊण तास लागे. पाचही पोरी त्यांना घ्यायला घरी येत आणि त्यांच्या चालीनं चालत. कडुनिंबापर्यंत तोंडी हिशेब, तिथून विहिरीपर्यंत व्याकरण, विहिरीपासून शाळेपर्यंत भूगोल. विहिरीपाशी टेकायला दगड होता, तिथं पाढे. सुभेदार आपल्या उंबऱ्यावर बसून ऐकायचा आणि संध्याकाळी हौसाला तेच विचारायचा. म्हणजे बाईंच्या गुडघ्यांपायी त्या पोरींना रोज पाऊण तास शाळा जास्त मिळत होती, जाताना आणि येताना धरून दीड. हे माझ्या ध्यानात यायला वर्ष लागलं. तेव्हा मला वाटे, बिचाऱ्या पोरी, किती रेंगाळावं लागतं.

आता नमस्कारांचं सांगते. औंध संस्थानात त्या काळी सूर्यनमस्कार म्हणजे भाकरीइतकी रोजची गोष्ट. शाळेत पोरी घालायच्या, मास्तर घालायचे, आणि रोज कुणी किती घातले ते एका वहीत लिहायचं. पोरींचे पंचवीस. माझ्या नावापुढं रोज एकशे आठ. हो, एकशे आठ. ट्रेनिंगमध्ये तिसरा नंबर होता, सांगितलंच मी. आणि मोठ्या बाईंच्या नावापुढं, त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, रोज एक.

मी आले त्या दिवशीही एक, दिवाळीलाही एक, एकदा कळा इतक्या होत्या की त्या दिवसभर फक्त हुं हुं करत होत्या, त्या दिवशी रकाना कोरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक.

मी त्यांच्याच खोलीत झोपायची, उठायची, जेवायची. त्यांना नमस्कार घालताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाठ वाकत नाही, गुडघा टेकत नाही, ही बाई नमस्कार घालणार कधी आणि कुठं? तेव्हा मी निष्कर्ष काढला की बाई खोटं लिहितात. फार दुःख झालं मला. म्हणजे मनातून आनंदच झाला, पण तो मी दुःख म्हणून बाळगला. एवढी मोठी शिक्षिका, आणि रोज एक खोटं.

माघ महिन्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. सायकलवर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, पिशवीत कागद. त्या कागदाची कुणकुण गावात आधीच लागली होती. अंगानं धड नसलेल्या शिक्षकांना घरी बसवावं असं वरून पत्र आलं होतं आणि मोठ्या बाईंचं नाव त्यात पहिलं होतं. परीक्षेला तीन महिने राहिले होते.

साहेब वेळेआधी आले. शाळेत मी एकटीच, सात मिनिटांत पोचलेली. त्यांनी वही मागितली, पानं उलटली, बोट एका रकान्यावरून खाली खाली नेलं. "या बाई रोज एकच घालतात?"

इथं एखादी शहाणी मुलगी गप्प बसली असती. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, मी त्यांच्याच खोलीत राहते. मला तो एकही कधी दिसला नाही."

आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मला त्या ताठ पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. कुणी विचारलं नव्हतं. त्या पाच पोरींचं काय होईल हा विचार शिवलाही नव्हता. मला फक्त खरं बोलायचं होतं, आणि ते खरं बोलताना आपण कशा दिसतो हे बघायचं होतं.

साहेबांनी वही मिटली. तेवढ्यात वाटेनं मोठ्या बाई येताना दिसल्या, पाच पोरी भोवती, भूगोल चाललेला. शाळेचं जोतं उंच, दगडी पायरी गुडघाभर. बाईंनी उजवा पाय पायरीवर ठेवला, डावा मागं खालीच, दोन्ही हात पायरीवरच्या गुडघ्यापाशी टेकले आणि मान वर करून तुळईला टांगलेल्या घंटेकडे बघितलं. रोजच त्या अशा थांबत. मला वाटे, दम खातात.

साहेब वरून म्हणाले, की बाई, खोटी नोंद ही फार गंभीर गोष्ट आहे, तुम्ही शून्य लिहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं.

"शून्य लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, साहेब," बाई तशाच मान वर करून म्हणाल्या.

"मग तुमचा नमस्कार दाखवा."

"तोच चाललाय. आत्ता तिसरं."

साहेबांना कळलं नाही. मलाही नाही. पोरी मात्र खाली बघून हसत होत्या. त्यांना केव्हाचंच ठाऊक होतं.

मग बाईंनी सांगितलं. नमस्काराची दहा आसनं. एका दमात दहा करणं त्यांच्या अंगाला जमत नाही. पण एकेक जमतं. सकाळी उगवतीकडे हात जोडून उभं राहायचं, ते पहिलं. उंबऱ्यावर वाकून रांगोळीची चार बोटं ओढायची, हात जमिनीला टेकतात, ते दुसरं. तिसरं हे असं, पायरीवर. "क्रम चुकलेला नाही, साहेब. वेळ किती लागावा असं कुठं लिहिलंय? दिवस चांगला मोठा असतो."

 पिशवीतला कागद साहेबांनी निम्मा बाहेर काढला होता, तो तसाच हातात.

"पहिली दोन घरी झाली," बाई म्हणाल्या. "ती तुम्ही धरू नका. उरलेली बघायची तर मावळतीपर्यंत थांबावं लागेल. तुम्हाला जमणार असेल तर."

पुढच्या गावची तपासणी साहेबांनी रद्द केली. खुर्ची मागवली आणि बसले.

चौथं आसन मला आता ओळखू आलं. टेबलावर दोन्ही तळवे रोवून, पाय मागं, अंग तिरपं, आणि त्या तशाच रांगेनं मांडलेल्या पाट्या तपासत होत्या. गेले सात महिने रोज मी हे बघत होते. बघत होते म्हणजे माझं तोंड तिकडं असायचं, एवढंच.

मधल्या सुट्टीनंतर त्यांना आडवं व्हावंच लागे. बसून बसून पाठ पेटायची. घोंगडं अंथरून त्या पालथ्या झोपायच्या, कपाळ जमिनीला, आणि तशाच शिकवायच्या. साहेबांनी संकोचानं भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड फिरवलं. मी बाईंच्या अंगावर शाल टाकली. पाचवं झालं.

खरी पंचाईत सहाव्याला होती. सहाव्या आसनात पालथं असतानाच मान उचलायची असते, नागाच्या फणीसारखी. बाईंची मान ठरवून उचलली जात नसे. कळ डोळ्यांत यायची. पण कुणी पाठात चूक केली, की ती आपोआप वर व्हायची, दुखण्याला कळायच्या आत. रोज कुणी ना कुणी चुके, आणि सहावं होऊन जाई. त्या दिवशी मात्र साहेब समोर. पोरी अशा तयारीच्या, की चुकायचं नाव नाही. तेवीसचा पाढा, एकोणतीसचा पाढा, नद्या, डोंगर, व्याकरण, सगळं घडाघडा. चार वाजले. उन्हं दाराबाहेर गेली. साहेब घड्याळ बघू लागले. पोरींची तोंडं उतरली. असल्या हुशारीचा काय उपयोग, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

शेवटी हौसा उठून म्हणाली, "बाई, साती आठे चोपन्न."

घोंगड्यातून आवाज आला, "मुद्दाम चुकलीस. मुद्दामच्या चुकीला मान उठत नाही. बस खाली."

साहेब कंटाळून माझ्याकडे वळले. मी आपली भिंतीला टेकून, हे सगळं कसं नियमाला धरून नाही असा चेहरा करून उभी. त्यांनी सहज विचारलं, "धाकट्या बाई, तुमची औटकी कशी आहे? तेरा औट किती?"

औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. ट्रेनिंगमध्ये तिसरा नंबर आलेल्या मुलीनं मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "साडेत्रेचाळीस."

"साडेपंचेचाळीस," घोंगड्यावरून आवाज आला आणि मान वर. अशी वर, की डोळे थेट माझ्यावर. "अगं, साडेपंचेचाळीस."

"सहावं," पाच पोरी एका सुरात म्हणाल्या.

त्या दिवशी साऱ्या शाळेत मनापासून चुकणारी मी एकटीच होते. साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

हाताच्या आणि गुडघ्यांच्या आधारानं उठताना सातवं झालं, खुंटी धरून एक पाय पुढं घेताना आठवं. शाळा सुटल्यावर घरी जाऊन, दाराशी दगडावर वाकून पाय धुताना नववं. साहेब सायकल हातात धरून, पाऊण तास बाईंच्या चालीनं, पोरींचं व्याकरण ऐकत मागं आले होते. गावही आलं होतं. सुभेदार सगळ्यांच्या पुढं काठी टेकून उभा. मावळतीला बाईंनी हात जोडले. "सकाळी ये म्हटलं होतं, आता जा म्हणायचं," एवढंच म्हणाल्या. दहावं झालं.

शेरेबुक तिथंच मागवलं. साहेबांनी ओट्यावर बसून लिहिलं, की मोठ्या शिक्षिकेचा नमस्कार समक्ष पाहिला, तो पूर्ण व क्रमशुद्ध आहे, सातवीचा वर्ग परीक्षेपर्यंत त्यांच्याकडेच ठेवावा.

"परीक्षेपर्यंत नको," बाई म्हणाल्या. "निकालापर्यंत लिहा. पेपर दिल्यावर पोरींना धीर द्यायला कोण?"

साहेबांनी 'परीक्षेपर्यंत' खोडलं आणि 'निकालापर्यंत' केलं. तो पिशवीतला कागद पिशवीतच परत गेला. सुभेदार घराकडं वळला. हौसाला म्हणाला, "चल, भाकरी खा, आन् औटकी म्हन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा सात मिनिटांत शाळेला गेले नाही. बाईंच्या बरोबर निघाले. पोरी शहाण्या, दहा पावलं पुढं राहिल्या.  माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची?

बाईंनीच विचारलं, "तू रोज किती घालतेस गं?"

"एकशे आठ."

"खरे?"

विहिरीपाशी येईपर्यंत मी हिशेब करत होते. खरं काय होतं, तर चाळिसाच्या पुढं मी एक घालून दोन मोजायची आणि सत्तरनंतर एक घालून तीन. मनातल्या मनात पुन्हा मोजलं. "अडुसष्ट," मी म्हणाले.

"मग अडुसष्ट लिही की. अडुसष्ट काय थोडे झाले?" आणि टेकायच्या दगडावर बसून गुडघा चोळत त्या इतक्या हसल्या, की पोरी मागं वळून बघायला लागल्या. "मला वाटलं, पन्नासच्या आत असशील."

माफी राहूनच गेली. त्यांनी मागू दिली नाही की मी मागितली नाही, देव जाणे. त्या दिवसापासून मी सकाळी त्यांच्याबरोबर चालू लागले. त्या वर्षी औटकी शिकले, कडुनिंब ते विहीर.

वैशाखात परीक्षा साताऱ्याला. सर्व्हिस मोटारीचे हादरे त्यांच्या पाठीला सोसणारे नव्हते, म्हणून सुभेदारानं स्वतःची बैलगाडी काढली, आत कडब्यावर वाकळा अंथरल्या आणि स्वतः हाकली. मोटार चार तासांत जाई, आम्ही दोन दिवसांत गेलो. जिथं कळ जोराची आली तिथं गाडी थांबे, बाई झाडाखाली पालथ्या पडत आणि पोरी भोवती बसून उजळणी करत. रहिमतपूरच्या अलीकडे एका आंब्याखाली तर अख्खा इंग्रजी अंमल झाला. साताऱ्यात पोरी पेपरला बसल्या तेव्हा त्या शाळेच्या ओसरीवर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. बसल्या असत्या तर उठता आलं नसतं आणि पोरींना बाहेर आल्या आल्या त्या उभ्या दिसायला हव्या होत्या. तीन तास. तोंडाचा रंग गेलेला, पण पहिली पोर दारात दिसली की, "काय, साडेपंचेचाळीस आलं होतं का?" असं विचारायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. माझं ते साडेत्रेचाळीस त्यांनी मला जन्मभर पुरवलं.

जूनमध्ये निकालाचं पाकीट आलं. पाचांतल्या चौघी पास. हौसा गणितात सगळ्यांच्या वर. पाचवी भूगोलात राहिली, तिला बाईंनी त्याच दिवशी सांगितलं की पुढच्या वर्षी आपण पुन्हा बसायचं, आपण म्हणजे दोघी.

पण निकाल आला म्हणजे शेऱ्याची मुदतही संपली होती.  एक दिवस डाव्या गुडघ्याला पाला बांधताना बाई म्हणाल्या, की वाईला भावाकडे जागा आहे, पण तिथं शिकवायला कुणी नाही, सगळेच शिकलेले. त्या आवाजात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली. दुखण्याची त्यांना कधी वाटली नव्हती ती.

शाळा उघडली त्या सकाळी आम्ही नेहमीसारख्या निघालो. घ्यायला फक्त ती एक नापास झालेली पोर. पेन्शनीत काढण्याचा कागद कधीही येईल आणि एका मुलीचा वर्ग कुणी चालू ठेवणार नाही, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. कडुनिंबाच्या पुढं सुभेदाराचा उंबरा. सुभेदार काठी टेकून उभा, आणि धोतराच्या सोग्याआड एक दहा वर्षांची पोर, हौसाची चुलतबहीण. नुकतीच माझ्याकडून चौथी झालेली, म्हणजे कशीबशी. त्याच्यामागं तीन-चार घरांतल्या बायका, आपापल्या पोरींचे हात धरून.

"बाई," सुभेदार म्हणाला, "दिपोटीसायबाला म्या चिठी धाडलीया. पोरींची गनती करून सांगितलीया, पाचवीत सात हायत म्हनून. आता तुमच्याबिगर ह्यास्नी त्यो कुनाच्या हाती देईल?" मग सोग्याआडून पोरीला पुढं काढलं. "पर ही हौसासारखी न्हाई हां. लय सावकाश हाय. येळ लागंल हिला."

"लागू दे," बाई म्हणाल्या. "मला कुठं गाडी गाठायची आहे?"

कागद पुढं आलाच नाही. साहेब विसरले असतील, किंवा विसरायचं त्यांनी लक्षात ठेवलं असेल. बाई त्या शाळेवर आणखी अकरा वर्षं होत्या.

त्या सकाळी सुभेदाराच्या उंबऱ्यापासून आम्ही सगळ्या मिळून चालू लागलो. ती पोर खरोखरच सावकाश. प्रत्येक खड्यापाशी थांबायची, तो उचलून उलटा करून बघायची, मुंगी दिसली तर मुंगी दिसेनाशी होईपर्यंत उभी. विहिरीच्या अलीकडे मागं वळून बघितलं तर ती केवढी मागं राहिलेली. मोठ्या बाई थांबल्या. कमरेवर हात ठेवून, उन्हात, तिच्यासाठी वाट बघत उभ्या राहिल्या. गावात आल्यापासून त्यांना कुणासाठी थांबावं लागलं नव्हतं, सगळं गावच त्यांच्यासाठी थांबत आलं होतं. ती पोर जवळ आली तशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी पुढं कुणाच्या लग्नातही पाहिला नाही.

"चल गं बाई लवकर," त्या पोरीला म्हणाल्या. "किती हळू चालतेस."